हिरवी टोपी, मरून टोपी

इंग्लंडमध्ये एक्झिटरहून एक्समथला जाणारी छोटी रेल्वे खाडीला चिकटून धावते. वाटेत 'लिंपस्टन कमांडो' नावाचं स्टेशन लागतं. रॉयल मरीनच्या प्रशिक्षण केंद्रासाठी ते १९७६ साली उघडलं. छावणीत काम असेल त्यानंच इथं उतरावं, अशी पाटी फलाटावर आहे. ओहोटीच्या वेळी खिडकीशी बसलं तर कधीकधी कमरेपर्यंत चिखलात रुतलेले रंगरूट दिसतात. इथले प्रवासी मान वर करूनसुद्धा बघत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातला मुलगा सतरा वर्षांचा आहे. जन्म इथलाच. त्याला फौजेत जायचं आहे, आणि त्याचा प्रश्न एकच: पॅराशूट रेजिमेंट जास्त कडक की रॉयल मरीन? जे जास्त अवघड असेल ते तो करणार. आईवडिलांना काही सुचेना. माझे मामा तेव्हा आमच्याकडे आले होते. मामा सातारा जिल्ह्यातले, आपल्या पॅराशूट रेजिमेंटच्या मराठा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. साहजिकच प्रश्न त्यांच्याकडे आला. माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे, धावणाऱ्यांचे गुडघे आणि घोटे दुरुस्त करते. मामांनी तोंड उघडायच्या आत तिनं उघडलं. पुढं जे झालं ते बरंचसं त्यांच्याच शब्दांत.

सूनबाई : मामा, हा प्रश्नच मुळात पोरकट आहे. कोण जास्त कडक, हे काय मोजायचं?

मामा : पोरकट कसा? भरतीला येणारा प्रत्येक पोरगा हेच विचारतो. मीही विचारलं होतं. आणि उत्तर सोपं आहे. पॅरा.

सूनबाई : तुम्ही पॅरा होता म्हणून.

मामा : तसं समज. पण यांची पी कंपनी, म्हणजे ब्रिटिश पॅरांची निवड-कसोटी, काय असते ते ऐक. यॉर्कशायरात कॅटरिकला घेतात. पाठीवर १६ किलो, पाणी वेगळं, हातात रायफल, आणि १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटांत. चढउताराच्या वाटेनं. मग ६० किलोचा ओंडका, आठ जण, दोराला धरून तीन किलोमीटर पळवायचा. त्यात एकानं दोर सोडला तर तो गेलाच. मग ८० किलोचं स्ट्रेचर, आठ किलोमीटर, सोळा जणांनी आळीपाळीनं खांदा द्यायचा. एक ट्रेनेझियम असतं, उंचावर नळ्या आणि फळ्या बांधलेल्या. तिथं अंगातली ताकद कोणी बघत नाही, सांगितल्याबरोबर पाऊल टाकतो की थबकतो ते बघतात. आणि मिलिंग.

सूनबाई : ती मारामारी.

मामा : एक मिनिटाची. समोर आपल्याच वजनाचा गडी. दोघांनी एकमेकांच्या डोक्यावर ठोसे मारत राहायचे. चुकवायचं नाही, हात आडवा घालायचा नाही. बॉक्सिंग किती छान येतं त्याला किंमत नाही. तोंडावर बसत असताना पुढंच सरकत राहिला का, त्याला आहे.

सूनबाई : म्हणजे हाताखालच्या मुलांना मेंदूला मार बसवून घ्यायला लावायचं आणि त्याला कसोटी म्हणायचं. बरं, आता इथलं ऐका. मरीनचं प्रशिक्षण आधी ३२ आठवडे होतं, आता ३६. पॅरापेक्षा लांब. शेवटी चार कमांडो कसोट्या. पहिली वुडबरी कॉमनवरची. भुयारं, डबकी, आणि एक बोगदा पूर्ण पाण्याखाली. पुढचा साथीदार ओढतो आणि मागचा ढकलतो तेव्हाच माणूस बाहेर निघतो. तिथून चार मैल पळत छावणीत यायचं. सगळं मिळून ७३ मिनिटं. आणि पोचल्यावर दम खायला वेळ नाही. चिखलानं माखलेल्या त्याच रायफलीनं दहापैकी सहा गोळ्या निशाणावर लावायच्या. मग नऊ मैलांची दौड ९० मिनिटांत. मग दोरखंडांवरून टारझन आणि त्याला जोडलेला अडथळ्यांचा रस्ता, १३ मिनिटं. आणि शेवटी डार्टमूरच्या दलदलीतून ३० मैल, आठ तासांत. अधिकाऱ्यांना सात.

मामा : नऊ मैल दीड तासात. वजन किती असतं त्यावेळी?

सूनबाई : साडेनऊ किलो आणि रायफल.

मामा : बघ!

सूनबाई : काय बघ? मरीनला मैलाला दहा मिनिटं मिळतात. तुमच्या पॅराला अकरा.

मामा : माझ्या पॅराच्या पाठीवर साडेसहा किलो जास्त आहेत.

इथं मी कागद-पेन आणायला उठलो होतो. बायकोनं बस म्हणून सांगितलं. हा हिशेब गेली काही दशकं ब्रिटनमधल्या अनेक छावण्यांच्या कँटीनमध्ये चालू आहे आणि तो कुठंच पोचलेला नाही, असं तिचं म्हणणं. एकाचा वेग जास्त, दुसऱ्याचं ओझं जास्त. एकाची वाट लांब, दुसऱ्याची चढाची. दोन्हीकडचे पैलवान आपापल्या मातीतच उतरतात, म्हणून दोघंही अजिंक्य.

मामा : अगं, पण वजन आणि वेग वेगळे का, ते तरी लक्षात घे. हे उगाच ठरवलेलं नाही. पॅरा विमानातून उतरतो तो शत्रूच्या मागं. गाडी नाही, मागून रसद येईल याची खात्री नाही. जे पाठीवर आहे तेवढंच. उतरल्या उतरल्या, डोकं ठिकाणावर यायच्या आत, लढाई. म्हणून त्याची कसोटी जड, आखूड आणि रागीट. मरीन येतो जहाजातून. ओला, थंडीनं गारठलेला, कधी कड्यावर दोर टाकून चढायचं. तिथं चिकाटी लागते, आणि कुडकुडत असताना हात नीट चालायला लागतात. म्हणून बोगद्यातून बाहेर आल्यावर निशाणेबाजी. ज्यानं या परीक्षा बनवल्या त्याला काम माहीत होतं.

सूनबाई : अगदी बरोबर! पण ते काम राहिलंय कुठं, मामा? ब्रिटिश पॅरांची शेवटची मोठी लढाऊ उडी कधीची? सुएझ. ५ नोव्हेंबर १९५६, ३ पॅरा, एल गामिलच्या विमानतळावर. दुसऱ्याच दिवशी मरीन कमांडो समुद्रातून आणि हेलिकॉप्टरनं आले. त्यानंतर अख्खी ब्रिटिश पलटण छत्रीनं लढाईत उतरलेली नाही. आणि मरीनला किनाऱ्यावर उतरवणारी अल्बियन आणि बुलवर्क ही दोन मोठी जहाजं नौदलातून काढत असल्याचं सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. एकाची उडी गेली, दुसऱ्याचं जहाज गेलं. उरल्या त्या कसोट्या आणि टोप्या. म्हणून तर भांडण एवढं तीव्र. दर काही वर्षांनी लंडनमध्ये कुजबुज सुरू होते, दोन हलक्या पायदळांची गरज काय, एकात एक मिसळून टाका. अशा वेळी आपण दुसऱ्यापेक्षा वेगळे आणि वरचढ आहोत हे ओरडून सांगावंच लागतं.

मामा : (हसत) १९५६ नंतर यांनी उडी मारली नाही हे खरं. आमच्या पलटणीनं मारली. ११ डिसेंबर १९७१, टांगाईल. मी भरती झालो तेव्हा त्या उडीतले लोक आमचे उस्ताद होते.

हे सांगताना मामांचा आवाज बदलतो, म्हणून थोडं सांगून टाकतो. ३ मराठा लाइट इन्फंट्री ही जुनी पलटण स्वातंत्र्यानंतर २ पॅरा झाली. बांगलादेशच्या लढाईत ती टांगाईलजवळ उतरली, पुंगलीचा पूल धरला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत होती. फॉकलंड युद्धात १४ जून १९८२ ला पोर्ट स्टॅनलीत सर्वांत आधी शिरलेली ब्रिटिश पलटणही २ पॅराच. योगायोग आहे, पण मामांना तो कुणी योगायोग म्हटलेला आवडत नाही.

मामा : आणि उडीचं एवढं कौतुक तरी काय? उडी काही मिनिटांची असते. पुढचं सगळं पायीच. सूनबाई, तू म्हणतेस काम गेलं, कसोटी उरली. मी म्हणतो, काम कुठलं येईल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून कसोटी ठेवायची. फॉकलंडला काय झालं? २१ मे १९८२ ला हे सगळे सॅन कार्लोसच्या खाडीत उतरले. पुढं हेलिकॉप्टरनं जायचं होतं. २५ तारखेला अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रानं अटलांटिक कन्व्हेयर हे जहाज बुडवलं. त्यात चार शिनूक हेलिकॉप्टरं होती, एक तेवढं हवेत होतं म्हणून वाचलं. झालं! जायचं कसं? चालत. दक्षिणेतला हिवाळा, खडक, दलदल, पाठीवर ३६ किलोपर्यंत. मरीनची ४५ कमांडो तीन दिवसांत नव्वद किलोमीटर चालली. ३ पॅरा त्याच दिवशी निघाली, जवळची वाट धरली आणि टील इनलेटला आधी पोचली. पण बिनतारी संचाच्या काठीला झेंडा लावून चालणाऱ्याचा तो प्रसिद्ध फोटो मरीनचा निघाला. त्यामुळं जगाला वाटतं, चालले ते मरीनच.

सूनबाई : बघा, चव्वेचाळीस वर्षं होत आली तरी तुम्हाला फोटोचं दुःख आहे. आणि तुम्ही त्या फौजेतलेही नाही.

मामा : दुःख नाही. बरं, आता दुसरी बाजू बघ. वेल्श गार्ड्स. उत्तम पलटण, पण तोवर लंडनच्या आसपास, राजवाड्याच्या पहाऱ्याची कामं. जूनच्या सुरुवातीला त्यांनाही सॅन कार्लोसहून गूस ग्रीनकडे पायी काढलं. बारा-एक तासांत परत फिरावं लागलं. तब्येत तशी तयारच नव्हती, आणि ओझं वाहणारे ट्रॅक्टर बंद पडले. मग त्यांना जहाजानं पुढं न्यायचं ठरलं. ८ जूनला फिट्झरॉयला सर गॅलाहॅड जहाजावर बॉम्ब पडले, त्यात त्यांचे ३२ जण गेले. ती पलटण चालू शकली असती तर? कडकपणा म्हणजे फुशारकी नव्हे, सूनबाई. कधीकधी तो ३२ जणांचा हिशेब असतो.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. हा मुद्दा मलाही पटला होता, आणि आजही पटतो. पण जहाज उघड्या खाडीत दिवसाढवळ्या तासन्‌तास माणसांनी भरलेलं का उभं होतं, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचा पायांच्या ताकदीशी संबंध नाही. युद्धात बहुतेक अपघातांना एकच कारण पुरत नाही.

सूनबाई : मान्य. चालता यायला हवं. पण मग तुमच्याच फॉकलंडमधलं टंबलडाऊन? १३ जूनच्या रात्री बर्फ भुरभुरत असताना तो डोंगर कुणी घेतला? स्कॉट्स गार्ड्सनी. तीही पहाऱ्याची पलटण. समोर अर्जेंटिनाचे मरीन, सगळ्यांत चिवट लढलेले. शेवटी संगिनीनं लढले. त्यांनी कुठं मिलिंग केलं होतं? तुमच्या पॅराच्या भाषेत तर ते 'क्रॅप-हॅट'. ज्याच्या डोक्यावर मरून टोपी नाही तो प्रत्येक जण हॅट. आणि गूस ग्रीनला पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले तुमचे कर्नल एच. जोन्स मुळात कोण? याच डेव्हनच्या, डेव्हन अँड डॉर्सेट या साध्या पायदळातले. पॅरामध्ये आले ते १९७९ च्या शेवटी. एकोणीस वर्षं हॅट होते!

मामा : जोन्सचं मला ठाऊक नव्हतं.

सूनबाई : गूस ग्रीन म्हणजे पॅरांची गाथा. २८ मे, साडेचारशे माणसं, समोर दुपटीहून जास्त, शेवटी नऊशेच्या वर कैदी. पण तिथं तोफा कुणाच्या होत्या? २९ कमांडो रेजिमेंटच्या तीन तोफा. सुरुंग शोधणारे इंजिनिअर? ५९ कमांडो स्क्वाड्रनचे. त्यांच्यातला एक कॉर्पोरल तिथं मेला. जोन्स पडल्यावर जखमींना उचलायला जे हेलिकॉप्टर निघालं त्याचा पायलट रॉयल मरीनचा. ते पाडलं गेलं, तो मेला. आणि या सगळ्यांवरचा ब्रिगेडिअर ज्युलियन थॉम्प्सन, तोही मरीन. त्याच्या हाताखाली तीन कमांडो आणि दोन पॅरा पलटणी लढल्या. नंतर त्यानं पॅराशूट रेजिमेंटचा इतिहास लिहिला. हिरव्या टोपीवाल्यानं मरून टोपीचा! तिथं कुणी विचारलं असेल का, कोण जास्त कडक?

मामा : विचारलं असेल. शंभर टक्के विचारलं असेल. तू फौजेत नव्हतीस म्हणून तुला वाटतं की दोन्ही एकत्र असू शकत नाही. जाताना ३ पॅरा आणि ४० आणि ४२ कमांडो एकाच कॅनबेरा जहाजावर होत्या. मोठं प्रवासी जहाज, डेकवर पाळीपाळीनं धावायचे. तू काय समजतेस, त्या डेकवर कोण किती फेऱ्या मारतो हे कुणी मोजत नसेल? आणि ११ जूनच्या रात्री एकाच वेळी तीन डोंगरांवर हल्ला झाला. लाँगडनवर ३ पॅरा, टू सिस्टर्सवर ४५ कमांडो, हॅरिएटवर ४२. शेजारचा डोंगर घेतो आणि आपण अडकलोय हे कुठल्याही पलटणीला सहन होत नाही. ही ईर्षा असते म्हणून माणूस उठून पुढं जातो. देश, राणी, झेंडा हे पुष्कळ लांबचं असतं. समोर दिसतो तो शेजारी.

सूनबाई : मग हिशेबही त्याच रात्रीचा घ्या. हॅरिएटला ४२ कमांडो सुरुंगांमधून वाट काढत मागून गेली. दोन माणसं गमावली, तीनशेच्या आसपास कैदी केले. टू सिस्टर्सवर चार. लाँगडनवर ३ पॅराचे, लढाई आणि नंतरचा तोफमारा धरून, तेवीस.

मामा : म्हणजे ४२ जास्त कडक?

सूनबाई : नाही! म्हणजे ४२ ला मागून जायची वाट सापडली. लाँगडनला ती नव्हती, कड्याकपारींतून एकेक मोर्चा काढत जावं लागलं. कोण किती मेलं यावर कडकपणा ठरवायचा असेल तर सगळ्यांत वाईट बेत करणारी पलटण सगळ्यांत कडक ठरेल. लोक नेमकं तेच करतात. लाँगडनची गोष्ट सांगतात, हॅरिएटची नाही. रक्त कमी सांडलं ना. आणि मामा, लाँगडनवर मेलेल्यांत दोन मुलं सतरा वर्षांची होती. तिसऱ्याचा त्या दिवशी अठरावा वाढदिवस होता.

यानंतर बोलणं थोडं भलतीकडे गेलं. परतीच्या प्रवासाकडे. मरीन कॅनबेरावरून थेट साउदॅम्प्टनला आले आणि पॅरा नॉरलँड जहाजावरून असेन्शन बेटापर्यंत. हे दोघं एका बोटीत नकोत, असा त्यामागं हिशेब होता म्हणतात. पण नॉरलँडवर मरीन नव्हते तर २ पॅरा आणि ३ पॅरा एकमेकांतच भिडल्या, असं त्या वेळच्या सैनिकांच्या आठवणींत येतं. हे ऐकून मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सूनबाई : तुम्हाला हसू येतंय. मला उत्तर आयर्लंडमधलं डेरी आठवतं. ३० जानेवारी १९७२. नागरी हक्कांसाठीच्या मोर्चानंतर १ पॅराच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्याच दिवशी तेरा माणसं मेली, चौदावा नंतर. त्यांच्यातल्या कुणापासूनही धोका नव्हता, हे सांगायला सॅव्हिल चौकशीचा अहवाल यावा लागला. तो आला जून २०१० मध्ये, अडतीस वर्षांनी. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. तोंडावर ठोसा बसला तरी पुढं सरक, हे शिकवलेल्या माणसाला शहरातल्या रस्त्यावर उभं केलं तर?

मामा : त्याला उभं करणाऱ्याला विचार. चूक मिलिंगची नाही, चूक ज्यानं ही पलटण त्या कामावर पाठवली त्याची.

सूनबाई : आणि ट्रिगर दाबणाऱ्याची काहीच नाही?

मामा : (थांबून) आहे. त्याचीही आहे. पण मग मरीनचंही बोल. २०११ साली अफगाणिस्तानातल्या हेलमंडमध्ये जखमी कैद्याला गोळी घालणारा सार्जंट ४२ कमांडोचाच होता. आधी खून ठरला, २०१७ मध्ये सदोष मनुष्यवध.

सूनबाई : बोलतेच आहे. तिथं तर मिलिंग नव्हतं. मरीन ज्याला कमांडो वृत्ती म्हणतात त्यात धैर्य, निर्धार, निःस्वार्थीपणा आणि संकटात आनंदी राहणं, एवढंच येतं. यादी सुंदर आहे. यादीनं माणूस सुधारतोच असं नाही. माझं म्हणणं इतकंच की किती सहन करतो हे मोजायला यांच्याकडे घड्याळ आणि वजनकाटा आहे, आणि केव्हा थांबायचं हे मोजायला काहीच नाही. जुलै २०१३ आठवा. ब्रेकन बीकन्सवर एसएएस या विशेष दलाच्या राखीव तुकड्यांची निवड. कडक ऊन, पाठीवर ओझं, २६ किलोमीटर. तिघं मेले. चौकशीत कोरोनरनं हलगर्जीपणाचा ठपका ठेवला. उमेदवार थांबत नव्हते, कारण थांबला तो गळला. थांबवायचं काम वरच्यांचं होतं.

मामांनी यावर काही उत्तर दिलं नाही. ते स्वतः प्रशिक्षक राहिलेले आहेत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "उस्तादाचं खरं काम तेच असतं. पोराच्या डोळ्यांकडे बघत राहायचं." मला वाटतं सगळ्या रात्रीत एवढं महत्त्वाचं वाक्य दुसरं कुणी बोललं नाही.

सूनबाई : मरीनचं एक मला आवडतं. लिंपस्टनला हंटर कंपनी आहे. पाय मोडला, हाडाला बारीक तडा गेला, तर मुलाला घरी पाठवत नाहीत. तिथं बरा करतात आणि पुन्हा पुढच्या तुकडीत घालतात. त्याला वेळ देतात. आणि सैन्यातल्या इतरांसाठी जी कमांडो परीक्षा असते ती २००२ साली पहिल्यांदा एका बाईनं पार केली, कॅप्टन पिप टॅटरसॉलनं. तिसऱ्या प्रयत्नात. पी कंपनी पार करणारी पहिली बाई २०२० मध्ये. तीन वेळा येऊन तीच परीक्षा देणारीला तुम्ही कडक म्हणाल की नाही?

मामा : पहिल्याच फेरीत पास होणाऱ्यापेक्षा जास्त म्हणेन.

सूनबाई : मग वजन आणि मिनिटं कुठं गेली?

मामा : ती कुठं जात नाहीत. तिलाही त्याच वेळेत पोचावं लागलं ना? अगं, तू दर वेळी तुलना मोडून काढतेस आणि दर वेळी त्याच तुलनेवर उभी राहून बोलतेस.

हा टोला बरोबर बसला होता. बायको हसली आणि चहा ठेवायला गेली. ती आत असताना मी मामांना जून १९४० ची गोष्ट सांगितली, कारण ती मला या सगळ्यात फार महत्त्वाची वाटते. डंकर्कनंतर चर्चिलनं किनाऱ्यावर छापे घालणारी दलं मागितली आणि २२ जूनला किमान पाच हजार छत्रीधारी सैनिकांची मागणी केली. तेव्हा नव्यानं उभ्या राहणाऱ्या कमांडोंपैकी नंबर २ कमांडो छत्रीच्या कामाला लावली गेली. तीच पुढं नाव बदलत बदलत पहिली पॅराशूट बटालियन झाली. रॉयल मरीन ही संघटना १६६४ ची, पण तिचे स्वतःचे कमांडो १९४२ चे, आणि युद्धानंतर भूदलाचे कमांडो मोडले तेव्हा हिरवी टोपी त्यांनी पुढं चालवली. म्हणजे पॅरा मूळचे कमांडो, आणि आजचे कमांडो मूळचे जहाजावरचे शिपाई. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत ऑर्नच्या पुलावर मरून टोप्या वाट बघत होत्या आणि लॉर्ड लोव्हॅटच्या हिरव्या टोप्या समुद्राकडून चालत आल्या. पुढचे कित्येक आठवडे दोघं एकाच डिव्हिजनच्या हाताखाली लढले. आणि २००६ पासून विशेष दलांच्या मदतीला जो गट आहे तो १ पॅराभोवती उभा आहे. त्यात मरीनची एक कंपनी कायम असते.

मामा : भाऊबंदकी आहे म्हण ना. मग भांडणारच. लांबच्याशी कोण भांडतं?

चहा झाला. मुलाच्या आईवडिलांना सकाळी काय कळवायचं ते ठरवणं बाकी होतं.

मामा : माझं मत लिही. पॅरा जास्त कडक. यात बदल होणार नाही. पण पोराला सांग, मरीनला जा.

सूनबाई : आता हे काय नवीन?

मामा : नवीन काही नाही. जास्त कडक कुठलं, हा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर दिलं. त्यानं कुठं जावं हा वेगळा प्रश्न आहे. सतरा-अठराच्या हाडाला ३६ आठवडे मिळतील. मोडलं तर तूच म्हणालीस, हंटर कंपनी आहे. आणि ज्याला सगळ्यांत अवघड तेच हवंय त्याला मिलिंगपेक्षा बोगद्याची जास्त गरज आहे. तिथं दुसऱ्यानं ओढल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.

सूनबाई : माझंही लिही. कुठंही जाऊ दे, पण अठरा पूर्ण झाल्यावर. आत्ता सही करू नका.

दोन्ही मतं मी जशीच्या तशी कळवली. माझं मत बायकोच्या बाजूनं आहे, आणि मुलं परदेशात वाढवणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी एक माहिती इथं देऊन ठेवतो. ब्रिटिश सैन्यदलं सोळाव्या वर्षापासून भरती करतात. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत पालकांची लेखी संमती लागते, त्यानंतर लागत नाही.